व्यापार मांडण्याआधी माणसं मोजा

"जितकी माणसं जास्त, तितकी मजा जास्त." आपल्याकडे हे वाक्य पंगतीपासून सहलीच्या बसपर्यंत सगळीकडे चालतं, आणि तिथे ते खरंही आहे. पण 'व्यापार'चा पट मांडताना हेच वाक्य म्हणून कुणी आठव्या मुलाला रेटून बसवायला लागलं, की माझ्यातली शाळेतली बाई जागी होते. याचं उलटं टोकही मला तितकंच खटकतं. दुपारी कंटाळलेल्या एकुलत्या एका नातवाला घेऊन आजी नाहीतर आजोबा 'व्यापार' खेळायला बसतात, ते. दोन्ही वेळी खेळ फसतो. दोन्ही वेळी पोर मधेच उठून जातं. आणि दोन्ही वेळी घरातली मोठी माणसं एकच निदान करतात, "हल्लीच्या मुलांना धीरच नाही हो! मोबाइलने पार वाट लावली."

हे निदान मला साफ अमान्य आहे. मोबाइलची वकिली मी करणार नाही, त्याला वकील घरोघरी आहेत. पण एखादं मूल खेळातून उठलं तर त्याच्या धीराला नावं ठेवण्याआधी पटाभोवतीची डोकी मोजावीत, एवढंच माझं म्हणणं. (भाचेमंडळी आणि सुना हे वाचतील आणि "मावशी पुन्हा सुरू झाली" म्हणतील. म्हणू देत.)

मुद्दा आधीच सांगून टाकते. ज्या खेळांत जागा घ्यायच्या, घरं बांधायची आणि एकमेकांशी सौदे करायचे असतात, ते खेळ तीन ते पाच जणांचे आहेत. चार असतील तर सगळ्यात उत्तम. दोघांत त्यातला व्यापारच खोटा पडतो, आणि सात-आठ जणांत खेळ संपून रेशनच्या दुकानाची रांग सुरू होते. खोक्यावर 'खेळाडू : २ ते ६' किंवा '२ ते ८' असं छापलेलं असतं हे मला माहीत आहे. तो आकडा विकणाऱ्याचा. पटाभोवती किती माणसं मावतात ते तो सांगतो. किती जणांना मजा येईल ते आपलं आपण ठरवायचं असतं.

आणि हे ठरवणं आपल्या घरांना काही नवीन नाही. आपले पत्त्यांचे खेळ आठवून बघा. दोघंच असतील तर सात-आठ. तिघं असतील तर पाच-तीन-दोन. चौघं जमले तर मेंढीकोट, समोरासमोरचे भिडू. त्याहून जास्त गर्दी असेल तर बदाम सात नाहीतर झब्बू. कुठल्याही वाड्यात, चाळीत, पत्त्यांचा कॅट हातात घेतल्यावर पहिला प्रश्न "काय खेळायचं?" हा नसायचाच. पहिला प्रश्न असायचा, "कितीजण आहोत?" आकडा कळला की खेळ आपोआप ठरायचा. पाच-तीन-दोनमध्ये चौथा माणूस घुसवायचा हट्ट कुणी धरला नाही, कारण तीस पानं, दहा-दहा वाटायची आणि हात पाच, तीन, दोन मिळून दहाच. चौथ्याला द्यायचं काय? सात-आठलाही पानं तीसच, पंधरा-पंधरा, आणि सात अधिक आठ पंधरा. म्हणजे खेळाच्या नावातच माणसांचा हिशेब बसवलेला आहे. हे ज्या कुणी रचलं असेल त्याला खेळाडूंची संख्या ही खेळाची पहिली अट आहे हे पक्कं कळत होतं. आपणच पुठ्ठ्याच्या खोक्यातला खेळ घरात आला तेव्हा हे शहाणपण सोडून दिलं.

आता कुणी म्हणेल, सापशिडीला कुठे अशी अट असते? बरोबर आहे, नसते. सापशिडीत दोघं खेळले काय आणि सहा खेळले काय, तुमचा साप तुम्हालाच गिळतो. शेजारच्याच्या सोंगटीशी तुमचं काही देणंघेणं नसतं. व्यापारात मात्र सगळं देणंघेणंच आहे. तुमच्या हातातल्या कार्डाची किंमत त्या कार्डावर छापलेली नसते. ती समोर बसलेल्यांना ते किती हवंय यावर ठरते. म्हणून समोर किती जण बसलेत यावर अख्खा खेळ बदलतो.

आधी दोघांचं बघू, कारण आमच्या पिढीतले सगळ्यात जास्त लोक या घोळात सापडलेले आहेत. :)

समजा, लाल रंगाच्या तीन जागांपैकी दोन माझ्याकडे आहेत आणि तिसरी नातवाकडे. त्याला निळ्या जागांमधली एक हवी आहे, ती माझ्याकडे आहे. अदलाबदल केली तर दोघांचेही संच पूर्ण होतात. वरकरणी झकास सौदा! पण जिंकणारा एकच आहे आणि खेळणारे दोघंच. म्हणजे या सौद्याने माझा जेवढा फायदा होणार, बरोबर तेवढाच त्याचा तोटा होणार. निळ्यापेक्षा लाल भारी असेल तर त्याने हो म्हणू नये, आणि लालपेक्षा निळा भारी असेल तर मी म्हणू नये. दोघांचं डोकं ठिकाणावर असेल तर हा सौदा होणारच नाही. झालाच, तर दोघांपैकी एकाचा हिशेब चुकला आहे, किंवा एकाने मुद्दाम चुकवला आहे.

आजी-आजोबांच्या बाबतीत हे दुसरं होतं. नातवाचं तोंड उतरलं की आजी म्हणते, "घे बाई तुला ती मुंबई, मला काय करायची आहे!" पोराला मुंबई मिळते आणि त्यासोबत एक धडाही फुकट मिळतो, तो म्हणजे तोंड पाडून बसलं की भाव कमी होतो. हा व्यापार नव्हे, लाड आहेत. लाड जरूर करा, पण त्यासाठी शंकरपाळे आहेत, गोष्टी आहेत. पटावर लाड केले की पाच-सात डावांनंतर त्याला पुरतं समजतं की समोरची व्यक्ती खरं खेळतच नाहीये. मग त्याला कंटाळा येतो. यात धीराचा काय प्रश्न आला? खोट्या खेळाचा कंटाळा येणं हे शहाणपणाचं लक्षण आहे.

तिसरा माणूस आला की सगळं पालटतं. आता लाल-निळ्याची अदलाबदल केली तर आम्ही दोघंही तिसऱ्याच्या पुढे जातो. सौदा दोघांचा असतो खरा, पण तो करण्यात अर्थ येतो तो बाहेर बसलेल्या तिसऱ्यामुळे. शिवाय मी फार ताणून धरलं तर नातू तिसऱ्याकडे जाऊ शकतो. "आजी, तू नको देऊस, मी दादाशी करतो." हे वाक्य ज्या क्षणी पोर म्हणतं त्या क्षणी खऱ्या अर्थाने बाजार उघडतो. आपल्या चाकणच्या कांद्याच्या बाजाराचं उदाहरण घ्या. कांद्याची रास पडली आणि बोली लावायला एकच व्यापारी उभा असेल, तर तो म्हणेल तो भाव. चार व्यापारी उभे असतील, तर एकाने अडवून धरलं तरी दुसरा वर जातो आणि शेतकऱ्याच्या पदरात काही पडतं. कांदा तोच, रास तीच, शेतकरीही तोच. फरक फक्त बोली लावणाऱ्यांच्या संख्येचा.

बाहेरच्या देशांत खेळ रचणाऱ्या लोकांना हे चांगलं ठाऊक आहे. 'जयपूर' नावाचा एक पत्त्यांचा खेळ २००९ साली आला, एका स्विस माणसाने रचलेला. कातडी, मसाले, कापड, चांदी, सोनं, हिरे आणि उंट असा सगळा राजस्थानी थाट, आणि खेळ फक्त दोघांचा. आता तुम्ही म्हणाल, बघा, दोघांचा व्यापार होतो की! पण नीट पाहिलं तर त्यात दोन खेळाडू एकमेकांशी सौदा करतच नाहीत. मधे पाच पानं मांडलेली असतात, तो बाजार; प्रत्येकाने अदलाबदल करायची ती त्या बाजाराशी. म्हणजे दोघांना एकमेकांशी व्यापार करता येत नाही हे रचणाऱ्याने ओळखलं आणि मधे तिसरा उभा केला. आपल्या व्यापाराच्या पटावर हा तिसरा हाडामांसाचा लागतो.

आता दुसरं टोक. दिवाळी, मे महिना, कुणाचं बारसं... सगळी जमतात, आठ पोरं आणि एक पट. इथे मी वाद घालत नाही, सरळ गणित मांडते. (मी गणिताची शिक्षिका नव्हे, पण हे गणित चौथीच्या मुलालाही यावं.)

मोनोपॉलीच्या मूळ पटावर एकूण चाळीस घरं. दोन फाशांची सरासरी सात. म्हणजे एक फेरी पूर्ण करायला प्रत्येकाला साधारण सहा खेळी लागतात. एका खेळीला, फासे टाकणं, पैसे मोजणं, "थांब थांब, सुट्टे दे" वगैरे धरून, एक मिनिट लागतं असं समजू. (हे मी फार उदारपणे म्हणतेय.) आठ मुलं असतील तर प्रत्येकाची पाळी आठ मिनिटांनी येणार. दोन तासांत प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा खेळ्या, म्हणजे जेमतेम अडीच फेऱ्या. दोन तासांतले एकशे पाच मिनिटं ते पोर नुसतं बघत बसणार! चार मुलं असतील तर त्याच दोन तासांत प्रत्येकाला तीस खेळ्या आणि पाच फेऱ्या मिळतात. अडीच फेऱ्यांत जागा विकून होईतो जेवायची हाक येते, आणि घरं बांधायचा, म्हणजे ज्यासाठी हा खेळ आहे तो भाग, सुरूच होत नाही. मग तेच मूल तीन मिनिटांनी मोबाइल उघडतं. आपण दवाखान्यात नंबर लावून बसल्यावर दुसरं काय करतो?

जागांचा हिशेब तर याहून वाईट. त्या पटावर विकत घ्यायच्या जागा अठ्ठावीस : बावीस रंगीत, चार रेल्वे स्टेशनं आणि वीज-पाण्याच्या दोन कंपन्या. चौघांत वाटल्या तर सात-सात येतात. सात जागांत एखाद्या रंगाच्या दोन असण्याची शक्यता बरीच, त्यामुळे "तिसरी कुणाकडे आहे?" अशी शोधाशोध सुरू होते. आठ जणांत साडेतीन! रंगीत म्हणाल तर तीनसुद्धा नाहीत. प्रत्येकाकडे वेगवेगळ्या रंगांचे तुकडे. एक संच जुळवायला तीन-तीन जणांची मनधरणी करायची, आणि त्यातला एक तरी "नाही म्हणजे नाही" म्हणून बसलेला असतोच. मग कुणाचंच काही बांधून होत नाही आणि सगळे नुसते भाड्याची चिल्लर एकमेकांना देत गोल गोल फिरतात. (भारतीय संचांत जागा आणि नियम थोडे वेगळे असतात, पण हिशेबाची जात तीच.)

आणि या गर्दीत सगळ्यात लहान मुलाचं काय होतं हे आपल्याला माहीत आहे. त्याला 'कच्चं लिंबू' करतात. नाहीतर "तू बँक सांभाळ हं, बँक सगळ्यात महत्त्वाची असते" असं गोड बोलून नोटा मोजायला बसवतात. बँकवाल्याला जिंकता येत नाही, हे त्याला पहिल्या पंधरा मिनिटांत कळतं. त्यानंतर ज्याचं दिवाळं आधी निघतं तो उठतो, आणि बाकीचे सात अजून तासभर खेळणार असतात. त्याने तो तासभर करायचं काय?

या दिवाळं निघण्याची एक गोष्ट आहे. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी नावाच्या बाईने १९०४ साली या जातीच्या खेळाचं पेटंट घेतलं होतं. नाव 'लँडलॉर्ड्स गेम', म्हणजे जमीनदाराचा खेळ. तिला मुलांना रमवायचं होतंच, पण त्याहून जास्त एक गोष्ट दाखवून द्यायची होती. जमिनीचं भाडं एका हातात गोळा होत गेलं की बाकीचे कसे कफल्लक होतात, ही ती गोष्ट. पुढे १९३५ साली पार्कर ब्रदर्सने 'मोनोपॉली' म्हणून खेळ बाजारात आणला आणि बाईंचं पेटंट पाचशे डॉलरला घेऊन टाकलं. सांगायचा मुद्दा हा की माणसं एकेक करून बाहेर पडणं हा या खेळातला धडाच आहे. चौघांत तो धडा लवकर संपतो. पहिला बाहेर पडला की उरलेल्या तिघांचा निकाल फार लांबत नाही. आठ जणांत तो धडा म्हणजे अख्ख्या दुपारची शिक्षा होते.

मग गर्दीत सौद्याचा खेळ होतच नाही का? होतो, पण तो पाळीपाळीने खेळायचा नसतो. १९०४ सालीच पार्कर ब्रदर्सने 'पिट' नावाचा पत्त्यांचा खेळ काढला होता, धान्यबाजाराचा. त्यात पाळी ही भानगडच नाही. सगळ्यांनी एकाच वेळी ओरडून पानांची अदलाबदल करायची, "दोन दोन दोन", "तीन तीन तीन", आणि एका धान्याची सगळी पानं जो आधी गोळा करेल तो जिंकला. तिथे सात जण असले तर धमाल वाढते, कारण कुणीच कुणासाठी थांबलेलं नसतं. आपला बदाम सातही गर्दीत चालतो तो याच कारणाने. पाळी असते, पण पान टाकलं नाहीतर "पास" म्हटलं की पुढे, दोन सेकंदांचं काम. गर्दी वाईट नसते, ताटकळणं वाईट असतं. व्यापारात गर्दी म्हणजे ताटकळणं, म्हणून व्यापारात गर्दी नको.

जर्मनीतले क्लाउस टॉयबर यांनी (हे मूळचे दातांच्या कवळ्या वगैरे बनवणाऱ्या प्रयोगशाळेतले, २०२३ साली वारले) १९९५ मध्ये 'कटान' हा खेळ काढला. लाकूड, विटा, लोकर, गहू आणि खनिज गोळा करायचं, एकमेकांत बदलायचं, रस्ते आणि वस्त्या बांधायच्या. त्याच्या मूळ खोक्यावर खेळाडूंचा आकडा आहे तीन ते चार. बस्स! दोघं नाहीत, आठ नाहीत. फासे कुणीही टाकले तरी ज्याची वस्ती त्या आकड्याच्या जमिनीला लागून आहे त्या प्रत्येकाला माल मिळतो, म्हणजे दुसऱ्याच्या पाळीतही आपण जागे. कुणी बाहेर पडत नाही. पुढच्या वर्षी पाच-सहा जणांसाठी जोडखोकं काढलं, तेव्हा नुसत्या दोन रंगांच्या सोंगट्या वाढवून भागलं नाही. पट मोठा करावा लागला, आणि एकाची पाळी संपली की बाकीच्यांनाही बांधकाम करता येईल असा वेगळा नियम घालावा लागला. दोन माणसं वाढली तर नियम बदलावा लागतो, हे ज्याने खेळ केला त्याने मान्य केलं. आपण मात्र आठवा पाट मांडतो आणि म्हणतो, "सरका रे जरा!"

तीन, चार, पाच यांतही फरक आहेच. तिघांत सौद्याच्या जोड्या तीनच होतात, आणि त्यातल्या दोघांचं सूत जमलं (दोघी सख्ख्या बहिणी आणि तिसरी चुलत, हे तर ठरलेलं) की तिसरीचा बळी जातो. चौघांत जोड्या सहा. एकीला दोघींनी वाळीत टाकलं तरी चौथी उरतेच, आणि रडीचा डाव आपोआप कमी होतो. पाचांत जोड्या दहा, बोलाचाली भरपूर, पण वेळ लागतो, तेव्हा घड्याळ लावून खेळावं. सहाव्यापासून पुढे जोड्या वाढतात आणि बोलायला मिळणारा वेळ घटत जातो. म्हणून माझं मत चाराला.

आता आक्षेप. पहिला आक्षेप ठरलेला, "खेळच तो, त्यात एवढं काय मोजायचं?" क्रिकेटला अकरा मोजता, कबड्डीला सात मोजता, खो-खोला नऊ मोजता. तिथे कुणी म्हणत नाही की खेळच तो, पंधरा जण उतरवा. पुठ्ठ्यावरचा खेळ मुलांचा, आणि मुलांच्या खेळाला काय नियम, अशी मनातून आपली समजूत आहे. ती मला मान्य नाही. मूल जे मन लावून करतं त्याचे नियम मोठ्यांनी पाळावेत.

दुसरा आक्षेप थोडा वजनदार आहे. "आलेल्या पोराला 'तू नको' कसं म्हणायचं?" म्हणूच नका. आठ जण असतील तर दोन पट मांडा. दुसरा पट नसेल तर दोघा-दोघांची जोडी करा, एक मोठा आणि एक छोटा, चार जोड्या. मेंढीकोटात भिडू असतात तसे. अट एकच, जोडीतल्या छोट्याने हो म्हटल्याशिवाय सौदा पक्का नाही. कच्च्या लिंबाला एकदम मताचा अधिकार मिळतो, आणि मोठ्याला त्याची समजूत घालायला स्वतःचा विचार शब्दांत मांडावा लागतो. शाळेत चाळीस मुलांचा गट करून काही हाती लागत नसे. चार-चारचे गट केले की मागच्या बाकावरचं मूलही तोंड उघडायचं. इथे त्याहून वेगळं काही नाही. आणि बँक एखाद्या काकाने सांभाळावी, नाहीतरी ते सोफ्यावर रिकामेच असतात.

तिसरा आक्षेप खरा. "आमच्या घरात माणसंच दोन. चार आणायची कुठून?" आणि इथेच मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

आमचं चिंचवड हे पाळ्यांचं गाव. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. त्यातून विजेचा भार वाटला जावा म्हणून इथल्या कित्येक कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असायची आणि शाळेची रविवारी. म्हणजे वडील घरी तेव्हा पोरं शाळेत, आणि पोरं घरी तेव्हा वडील कामावर. चौकोनी कुटुंब म्हणतात ते आमच्याकडे चौकोनी असं क्वचितच बसायचं. तरी व्यापाराला चार जण कमी पडले नाहीत, कारण दार उघडं असायचं. कॉलनीत जिन्याच्या पायरीवर पट मांडला की चौथा भिडू वरच्या मजल्यावरून आपणहून उतरायचा. त्याचे वडील कुठल्या कंपनीत आणि कुठल्या राज्यातून आलेत हे कुणी विचारत नसे. आता घरं मोठी झाली, प्रत्येक इमारतीला लिफ्ट आली, खाली पहारेकरी बसला, आणि मुलं एकेकटी झाली. खोक्यातला खेळ माळ्यावर गेला त्याचं कारण मोबाइल हे नंतरचं. आधी चौथा भिडू गेला, मग तिसरा गेला. मोबाइल त्या रिकाम्या जागेवर येऊन बसला. त्यावरही व्यापार खेळता येतो, समोर यंत्र तीन भिडू उभे करून देतं. पण यंत्राला तुमच्या रुसण्याचं सोयरसुतक नाही, आणि काल तुम्ही त्याला फसवलं होतं हे मनात धरून आज ते तुम्हाला जागा नाकारत नाही. सौद्यातलं शिक्षण सगळं त्या मनात धरण्यातच आहे.

म्हणून माझ्या वयाच्या मंडळींना माझं सांगणं आहे. नातवाबरोबर व्यापार खेळायचा असेल तर आधी समोरच्या फ्लॅटची बेल वाजवा. तिथे एक मूल आहे, बहुतेक तेही एकुलतं एक. त्याचे आईवडील बिहारचे असतील, केरळचे असतील, लातूरचे असतील; चाकणच्या नाहीतर तळवड्याच्या कुठल्याशा कंपनीसाठी इथे आलेले. त्याचं मराठी मोडकं असेल. बिघडत नाही. "ये मेरेको दे, वो तू ले" एवढ्या भाषेत हा खेळ व्यवस्थित चालतो, आणि दोन महिन्यांत ते पोर "जास्त शहाणपणा नको करूस" हे अस्खलित मराठीत म्हणायला लागतं. एवढ्याने तुम्ही तिघं झालात. चौथ्यासाठी खालच्या मजल्यावर जा. तुम्ही स्वतः खेळायलाच पाहिजे असंही नाही. चार मुलं जमली तर चष्मा पुसून बँक सांभाळा, आणि त्यांच्या सौद्यांत तोंड घालू नका. ते सगळ्यात अवघड आहे, पण जमतं.

आणि कुणीच मिळालं नाही, दोघंच उरलात, तर व्यापार मिटून ठेवा. सात-आठ मांडा, बुद्धिबळ मांडा. दोघांसाठी रचलेले उत्तम खेळ आहेत आणि त्यात आजीला खोटं हरावं लागत नाही. खरं हरायला तर फारच लवकर लागतं. :)

येत्या सुट्टीत आमच्याकडे नऊ मुलं येणार आहेत. दुसरा पट चिंचवडगावातल्या दुकानातून आणून ठेवला आहे. एका पटावर चार, दुसऱ्यावर पाच. ज्या काकांना आणि मामांना वाटतं की सगळे एकत्र बसले तरच खरी मजा, त्यांच्यासाठी पंगत आहेच. तिथे नऊ काय, एकोणीस बसा. मी वाढते.